कर्क्युमिनचं जेल: उंदीर घ्यावा की डुकराचा कान?

हळदीतल्या कर्क्युमिनचं जेल तयार झालं, की एम.फार्म.च्या मुलांपुढे प्रश्न येतो: ते त्वचेत किती शिरतं हे पाहायचं कुणाच्या कातडीवर? बरेच जण विस्टार जातीचा उंदीर घेतात, कारण कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये तोच असतो. प्रश्न माणसाच्या त्वचेचा असेल, तर माझं मत डुकराच्या कानाला.

मोठा फरक केसांचा. उंदराच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८९ केसांची मुळं मोजली गेली आहेत. डुकराच्या पाठीवर आणि माणसाच्या पोटावर साधारण ११. त्या मुळांशेजारून औषधाला आडवाट मिळते. त्यामुळे उंदरावरचा आकडा फुगतो आणि साधं जेलही भारी वाटू लागतं.

कान मिळवणं मात्र कटकटीचं. कत्तलखान्यात केस काढायला डुक्कर गरम पाण्यात बुडवतात. त्या पाण्यातून निघालेला कान कुचकामी, वरचा थर पोळलेला असतो. बुडवण्याआधीच कापून द्या असं सांगून ठेवावं लागतं. मग बाहेरच्या बाजूची कातडी कूर्चेवरून सोडवून डर्माटोमने (कातडीचा पातळ थर कापणारं यंत्र) २०० ते ४०० मायक्रॉनची चकती काढायची. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२८ क्रमांकाच्या चाचणी मार्गदर्शिकेतही हीच जाडी आहे. पूर्ण जाडीची कातडी ठेवली तर कर्क्युमिनसारखं तेलकट स्वभावाचं औषध खालच्या थरात अडकून बसतं. जिवंत शरीरात तिथून रक्त ते उचलून नेतं, फ्रान्झ सेलमध्ये (वर औषध, मध्ये कातडी, खाली द्रव असं काचेचं पात्र) रक्त कुठलं?

मटणाच्या दुकानातली बोकडाची कातडी सहज मिळते. सरावाला ठीक, प्रबंधाला नको.

रक्तात किती पोचलं हे हवं असेल तर जिवंत उंदराला पर्याय नाही. त्यासाठी प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. पाठीचे केस चोवीस तास आधी क्लिपरने काढायचे. ब्लेडने कातडी ओरखडते. गळ्यात कॉलर हवीच, नाहीतर उंदीर जेल चाटतो आणि तुम्ही त्वचेऐवजी पोटातून झालेलं शोषण मोजत बसता.

फ्रान्झ सेलमध्ये कातडी कुठलीही लावा, रिसेप्टरमधला, म्हणजे कातडीखालच्या कप्प्यातला, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घात करू शकतो. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि ३७ अंशांना ७.२ पीएचच्या नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचं सुमारे ९० टक्के विघटन होतं. चोवीस तासांनी सॅम्पलमध्ये काहीच सापडलं नाही, तर कातडी बदलण्याआधी त्याच बफरमध्ये थोडं कर्क्युमिन टाकून ते किती टिकतं ते बघा.