हॉर्न वाजवला की कुणाचीही गाय येते

मी ह्यूस्टनजवळ राहतो, आयटीत आहे, मूळचा मिरज तालुक्यातला. पन्नाशी जवळ आली की आमच्यातल्या बऱ्याच जणांना रानाची हुक्की येते, तशी मलाही आली. गावाकडची जमीन भावकीत वाटून वाटून दोन एकरांवर आलेली, आणि इथे टेक्सासमध्येच केरव्हिल गावाच्या पश्चिमेला 118 एकरांचं रँच विकायला होतं. गुरांसाठी आणि शिकारीसाठी, तेही चालतं-बोलतं. गाई, शिकारीची मचाणं, हरणांना मका टाकणारे फीडर, सगळं जागच्या जागी.

बघायला गेलो तेव्हा मालक स्वतः दारात उभा. हॅट, मळके बूट, बोलणं मऊ. पिकअपमध्ये बसवून रानात घेऊन गेला आणि हॉर्न दाबला. झाडीतून गाई पळत आल्या, गाडीभोवती गोळा झाल्या. 28 मोजल्या. त्यांतल्या बऱ्याच ब्राह्मन रक्ताच्या, वशिंडवाल्या. ही अमेरिकन ब्राह्मन जात मुळात आपल्याकडून गेलेल्या गुरांपासून तयार झाली: गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची. कृष्णाकाठची! मी तिथेच विकला गेलो म्हणा ना.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी वशिंड पाहिलं आणि म्हणाले, "आपलीच की रं ही." मग थोडं थांबून, "एवढी गुरं त्या रानात खात्यात काय? गवत दाव की जरा."

मी हसलो. म्हटलं, आबा, हे टेक्सास आहे. आणि फोन पुन्हा गाईंकडे फिरवला.

त्या भागात एका गाईला साधारण 15 ते 25 एकर रान लागतं. खडकाळ जमीन, वर सीडरच्या झाडांची दाटी, गवत विरळ. म्हणजे 118 एकरांवर पाच-सात गाई, फार तर आठ. 28 गाई वर्षभर तिथे जगूच शकत नाहीत. हे गणित मी नंतर केलं. घरामागे वाळल्या गवताचे गोल गठ्ठे दिसत होते, ते बघून उलट वाटलं की माणूस जनावरांची काळजी घेतो.

संध्याकाळी चितळांचा कळप दिसला. ठिपके, ते वळणदार शिंग. 1930च्या दशकात इथे आणून सोडलेली आपली चितळं आता हिल कंट्रीत, म्हणजे या टेकड्यांच्या भागात, रानोमाळ झालीत. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यापासून ज्याला हात लावायचा नाही, ते जनावर इथे बाहेरचं म्हणून वर्षभर मारता येतं, त्याला हंगामच नाही. मला मारायचं नव्हतं. पण मालक म्हणाला, इथे शिकार करू देण्याचे शिकारी दरवर्षी 9,000 डॉलर देतात. त्याने कॅमेऱ्यांत टिपलेले फोटोही दिले, एकेक नर बघत राहावा असा.

जमिनीचा व्यवहार टायटल कंपनीतून, म्हणजे मालकीचे कागद तपासून पैसे मधे सांभाळणाऱ्या कंपनीतून, रीतसर झाला. इसार दिला, थोडी ऑप्शन फी भरून दहा दिवसांची मुदत घेतली. त्या मुदतीत कारण न सांगता माघार घेता येते. ते दहा दिवस मी विहिरीचं पाणी, सेप्टिक टाकी आणि घराची वाळवी तपासण्यात घालवले. जमिनीखालचे खनिज हक्क याच्याही आधीच्या एका मालकाच्या वारसांनी राखून ठेवलेत, हे टायटलच्या कागदात लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. तिथे फसलो असं म्हणणार नाही, तो माझा आळस.

फसलो गाईंत. गुरं ही स्थावर मालमत्ता नाही, त्यांचा कागद वेगळा करतात, एवढं मालकाने सांगितलं ते खरंच होतं. म्हणून 1,400 डॉलर दराने 28 गाईंचे 39,200 डॉलर मी त्याला थेट चेकने दिले, टायटल कंपनीच्या बाहेर. पावतीवर नुसतं "28 गाई, मिश्र जातीच्या". कानातल्या बिल्ल्यांचे नंबर नाहीत, मालकाची ओळख म्हणून कातडीवर देतात त्या डागाची खूण नाही. प्रत्येक गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावर सारखाच डाग होता. विचारलं, तर म्हणाला, ज्याच्याकडून घेतल्या त्याचा आहे, जुना डाग काय पुसता येतो? पटलं मला.

ताबा मिळून दोन आठवडे झाले आणि एका सकाळी शेजारचा रँचर ट्रेलर घेऊन फाटकात उभा. चराईच्या भाडेपट्ट्याची मुदत संपत होती, तो आपल्या गाई न्यायला आला होता. पट्टा दाखवला, डागाच्या नोंदीचा कागद दाखवला. त्याचं मोठं रान कुंपणापलीकडे, मधलं फाटक उघडं, गाई दोन्हीकडे चरायच्या. रान दाखवायच्या दिवशी मालक आमच्या बाजूला खुराक टाकायचा, म्हणून सगळ्या इकडे. शेजाऱ्याने हॉर्न वाजवला. त्या पळत गेल्या.

टेक्सासमध्ये गुरांचा डाग त्या त्या काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवलेला असतो. कुणाचा आहे ते विचारायला दहा मिनिटं पुरली असती. गुरांच्या चोऱ्या-फसवणुकींचा तपास करणारे कॅटल रेझर्स असोसिएशनचे, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या संघटनेचे, खास रेंजर असतात, त्यांच्याकडे तक्रार केली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. जस्टिस कोर्टात 20,000 डॉलरपर्यंतचेच दावे चालतात, माझी रक्कम त्याच्यावर, त्यामुळे वरच्या कोर्टात वकील लावून खटला चालू आहे. मालक राज्य सोडून गेलाय. वकिलाचं बिल मात्र वेळेवर येतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडतो. आदल्या रात्री चार शिकारी आले, तंबू-बिंबू घेऊन. त्यांनी वर्षाचे पैसे ऑगस्टमध्येच जुन्या मालकाला भरले होते. गाई खोट्या निघाल्या, शिकारी खरे होते, फक्त पैसे आधीच गेलेले. माणसं चांगली होती, मी राहू दिलं. कॅमेऱ्यातले फोटो त्यांना दाखवले तर त्यांतला एक जण हसायलाच लागला. नराच्या मागे बघ म्हणाला. मागे आठ फूट उंच जाळीचं कुंपण. आमच्याकडे कमरेएवढी काटेरी तार आहे.

आता राहिला कर. शेतीचं मूल्यांकन, म्हणजे जमीन शेतीची धरून कमी कर लावणं, मालक बदलला की पुन्हा मागावं लागतं, अर्ज 30 एप्रिलच्या आत. रानावर गुरं नसली तर ते मिळायचं कसं? आणि जमिनीचा वापरच बदलला असं ठरलं तर मागच्या तीन वर्षांच्या कराचा फरक अंगावर. शेवटी मीच शेजाऱ्याकडे गेलो आणि रान त्याला चराईला दिलं. सहाच गाई सोडतो, म्हणाला, याहून जास्त झेपणार नाही. आधी एवढ्या कशा होत्या, असं विचारलं तर म्हणाला, त्या माझ्या गवतावर जगत होत्या.

परवा आबांचा फोन आला. कॅमेऱ्यात गाय दिसली, डाव्या पुठ्ठ्यावर तोच डाग. "आल्या का परत तुझ्या?"

"त्याच्याच आहेत, आबा."

"बरं. गवत दाव."

मी फोन खाली धरला.