घरीच सांभाळावे, मदतनीस ठेवावी की संस्थेत ठेवावे? सेवा करणाऱ्याच्या प्रकृतीच्या बाजूने एक तुलना

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची, सासूसासऱ्यांची व्यवस्था कशी लावायची हा प्रश्न घरात उभा राहतो, तेव्हा बोलणे बहुधा दोनच गोष्टींपाशी येऊन थांबते: खर्च किती येईल आणि लोक काय म्हणतील. जी व्यक्ती प्रत्यक्ष सेवा करणार आहे तिच्या पाठीचे, झोपेचे, रक्तदाबाचे आणि मनाचे काय होईल, हे कोणी विचारत नाही. ती व्यक्ती बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरीला आलेली पत्नी असते आणि तीही हा प्रश्न तोंडावर आणत नाही. म्हणून या लेखात प्रमुख पर्यायांची तुलना मुद्दाम तिच्या बाजूने केली आहे.

माझे मत आधीच मांडतो. कोणत्याही पर्यायाने ताण नाहीसा होत नाही. ताणाची जात तेवढी बदलते. घरच्यांनीच सगळे करायचे ठरवले तर तो शरीरावर येतो, मदतनीस ठेवली तर देखरेखीच्या रूपाने येतो आणि संस्थेत ठेवले तर मनात घर करतो. यांपैकी कोणता ताण आपल्या घराला पेलवेल हे पाहून निर्णय घ्यावा, आणि त्यातही रात्री कोण जागणार या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी मिळवावे.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. अमेरिकेतील ६६ ते ९६ वर्षे वयाच्या जोडीदारांचा एक अभ्यास १९९९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या व्यक्तींमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी सेवा करावी न लागणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. त्याआधी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका लहान अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरची छोटी जखम भरून यायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले होते. धोका सेवेपेक्षा सेवेच्या बेसुमार ओझ्यात आहे, असा या दोन्हींचा अर्थ मला लागतो आणि खालची सगळी तुलना त्यावरच उभी आहे.

घरच्यांनीच सगळे करणे

या पर्यायाचे बळ मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ओळखीचा आवाज, सवयीची खोली, हातची मऊ भात-वरणाची चव यांनी वृद्ध माणूस शांत राहतो. शिवाय प्रकृतीतला बारीक बदल घरच्यांच्या सर्वांत आधी लक्षात येतो. कालपर्यंत नीट बोलणारी आई एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तर त्यामागे लघवीचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे असू शकते आणि वेळेवर उपचार केल्यास ती अनेकदा पुन्हा सावरते. ‘वयच झाले आता’ असे म्हणून हा बदल सोडून देणाऱ्या परक्या माणसापेक्षा रोज जवळ असणारी मुलगी अधिक भरवशाची ठरते.

परंतु या पर्यायाची किंमत शरीर मोजते. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. एअर बेड असला तरी हे काम सुटत नाही. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर नेताना वाकून, काखेत हात घालून उचलण्याने सेवा करणाऱ्याची कंबर धरते. रुग्णाच्या अंगाखाली जाड चादर घालून दोघांनी ती दोन्ही बाजूंनी धरून सरकवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, पण त्यासाठी घरात दुसरे सशक्त माणूस हवे. स्मृतिभ्रंशात संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते, ‘मला घरी जायचे आहे’ असा स्वतःच्याच घरात धोशा सुरू होतो आणि कित्येक रुग्ण रात्रभर उठत राहतात. दिवसाचे कष्ट माणूस रेटून नेतो. महिनोन्‌महिने तुटलेली झोप मात्र रेटता येत नाही.

भावंडांच्या घरांत अजून एक प्रथा दिसते, ती म्हणजे आईला दोन-दोन महिने एकेकाकडे ठेवणे. धडधाकट आईसाठी ही व्यवस्था ठीक आहे. स्मृतिभ्रंश असेल तर मात्र दर वेळी नवी खोली, नवे संडास-न्हाणीघर आणि नवी दारे यांनी गोंधळ आणि पडण्याची भीती दोन्ही वाढतात. शक्य असेल तर आईने एकाच घरात राहावे आणि पाळी भावंडांनी बदलावी. दूरच्या शहरातील किंवा परदेशातील भावंडाने वर्षातून एकदा येऊन पाहुणचार घेण्याऐवजी ते दिवस पूर्ण जबाबदारी उचलून घरच्या व्यक्तीला मोकळे केले, तर त्या येण्याचे मोल पाठवलेल्या पैशांपेक्षा जास्त होते.

थोडक्यात, रुग्ण रात्री झोपत असेल, आधाराने का होईना संडासापर्यंत जात असेल आणि घरात हातभार लावणारी किमान दोन माणसे असतील, तर हा पर्याय उत्तम आहे. यांपैकी रात्रीची अट सुटली की बाकीच्या दोन पुऱ्या पडत नाहीत.

मावशी किंवा ब्युरोची माणसे

शहरांत आज पुष्कळ कुटुंबे या मधल्या वाटेने जातात आणि सर्वाधिक गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत. पहिला गैरसमज ‘चोवीस तासांची बाई’ या शब्दांतच आहे. चोवीस तास घरात राहणाऱ्या माणसालाही झोप लागतेच. रुग्ण रात्री चार-पाच वेळा उठत असेल, तर एकटी मावशी दिवसाही आणि रात्रीही जागी राहू शकत नाही. काही दिवसांत ती तरी काम सोडते किंवा रात्री तिला जाग तरी येत नाही. अशा घरात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात आणि खर्च त्यानुसार वाढतो. पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या एका मदतनिसालाच महिन्याला वीस हजारांहून अधिक रुपये लागतात, हे धरून हिशेब करावा. रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडणारा आरोग्य विमा घरातील मदतनिसाचा पगार सहसा देत नाही. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ मध्ये खुली झालेली आयुष्मान भारतची पाच लाखांपर्यंतची योजनाही रुग्णालयातील उपचारांसाठीच आहे.

दुसरा गैरसमज कामाच्या विभागणीचा आहे. अंग पुसणे, डायपर बदलणे, भरवणे, चालवणे ही कामे मावशी उत्तम करू शकते. नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे, लघवीच्या नळीची निगा, इन्सुलिन, जखमेचे ड्रेसिंग यांसाठी प्रशिक्षित परिचारिका हवी. निदान तिने मावशीला एकदा नीट शिकवून खात्री करून घ्यायला हवी. मावशीच्या दरात परिचारिका मिळत नाही आणि परिचारिकेच्या दरात मावशी चालणार नाही, हे मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलतानाच लेखी स्पष्ट करून घ्यावे.

ब्युरोकडून माणूस घेतला तर बदली मिळण्याची शक्यता असते, पण ब्युरो आपले पैसे कापून घेत असल्यामुळे मावशीच्या हाती कमी पडते आणि माणसे वारंवार बदलतात. ओळखीतून थेट ठेवलेली व्यक्ती अधिक टिकते, मात्र गणपती-दिवाळीला ती गावी गेली की सगळे तुमच्यावर येते. दोन्ही प्रकारांत आधारची प्रत, पोलीस पडताळणी आणि दागिने-कागदपत्रे कुलपात हे आवश्यक आहे. त्याचबरोबर तिला झोपायला धड जागा, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी मिळणेही तितकेच आवश्यक आहे. दमलेल्या, अपमान झालेल्या हातांकडून मायेची सेवा होत नाही.

देखरेखीचा ताण नेमका इथेच आहे. लहान सदनिकेत परके माणूस सतत वावरते, स्वयंपाकघर आणि एकांत दोन्ही हातचे जातात, ऑफिसात बसूनही लक्ष घरी असते. एक वही ठेवावी आणि तीत औषधे, खाणे, लघवी-शौच, झोप यांची वेळेसह नोंद करायला लावावी. या एका सवयीने दिवसभरातले फोन आणि शंका बऱ्याच कमी होतात, डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडते.

या पर्यायाविषयी माझा एक आग्रह आहे. पैसे एकाच पाळीपुरते असतील आणि दिवसा घरात कोणी असेल, तर रात्रपाळी विकत घ्यावी. बहुतेक कुटुंबे दिवसाची पाळी घेतात, कारण पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना दिवसाचे काम दिसते. झोप मिळालेली सून दिवसभराचे पुष्कळ काही निभावते.

दिवसाची केंद्रे आणि तात्पुरता मुक्काम

चालत्या-फिरत्या, पण एकटे सोडता न येणाऱ्या वृद्धांसाठी दिवसाची केंद्रे चांगली आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थेने स्मृतिभ्रंशासाठी अशी केंद्रे चालवली आहेत. तालुक्याच्या गावी ही सोय क्वचितच मिळते आणि रात्रीचा प्रश्न तिने सुटत नाही. काही शुश्रूषा केंद्रे आठ-पंधरा दिवसांसाठी रुग्ण ठेवून घेतात. स्वतःची शस्त्रक्रिया, मुलांच्या परीक्षा किंवा निव्वळ विश्रांती यांसाठी ही सोय वापरण्यात संकोच करू नये. पुढे कायमचे ठेवावे लागले तर त्या जागेची पारखही त्यातून होते.

संस्थेत ठेवणे

येथे पहिला अडथळा बाहेरचा आहे. अनेक वृद्धाश्रम, राज्यातील मातोश्री वृद्धाश्रमांसारख्या संस्थाही, मुख्यतः स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांचा विचार करून उभ्या राहिल्या आहेत. अंथरुणावरचा रुग्ण किंवा रात्री भटकणारा रुग्ण त्यांच्या नियमांत बसेलच असे नाही. त्यांच्यासाठी परिचारिका असलेली शुश्रूषा केंद्रे लागतात, ती महाग असतात आणि बहुधा शहरांजवळच असतात. चौकशीच्या पहिल्याच फोनवर नळी, डायपर, रात्रीचे उठणे हे सगळे मोकळेपणाने सांगावे; लपवून प्रवेश मिळवला तर रुग्ण पंधरा दिवसांत परत घरी पाठवला जातो.

जागा पाहायला न कळवता, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जावे. भरवणारे हात घाईत आहेत का, खोलीत लघवीचा वास साचला आहे का, रात्री किती माणसांमागे एक कर्मचारी जागा असतो, कोणाच्या टाचांना जखमा आहेत का, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणाला विचारून नेतात, अनामत रक्कम कधी परत मिळते, हे विचारावे. बाग आणि देऊळ नंतर पाहिले तरी चालते.

लाभ मोठा आहे: सेवा करणाऱ्याची झोप आणि पाठ लगेच सुधारते. काही जणींना कित्येक वर्षांत पहिल्यांदा आईशेजारी नुसते बसून बोलता येते, कारण हातात डायपर नसतो. तोटाही तितकाच खरा आहे. नव्या जागी पहिले काही आठवडे रुग्ण अधिक गोंधळतो, कमी जेवतो आणि त्याच आठवड्यांत मुलांचे मन सर्वाधिक खचते. त्यात नातेवाईक ‘टाकले’ हा शब्द वापरतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याने ज्येष्ठांना पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून जाणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला आहे. खर्च देणे, नियमित भेटणे आणि उपचारांचे निर्णय घेणे याला सोडून देणे म्हणत नाहीत, हे नातेवाइकांना ठामपणे सांगता यावे.

तीनही समोरासमोर ठेवताना

रात्रीच्या कसोटीवर संस्था आणि दोन पाळ्यांची मदत पुढे राहतात. प्रकृतीतला बदल लवकर ओळखण्यात घर पुढे राहते. खर्चाच्या बाबतीत घर स्वस्त वाटते, पण कोणी नोकरी सोडली असेल तर तिचा गेलेला पगार आणि भविष्य निर्वाह निधी त्या बाजूला मांडल्यावर अंतर बरेच कमी होते. हा आकडा कागदावर लिहून भावंडांसमोर ठेवावा, कारण जिने नोकरी सोडली तिच्याकडून पुन्हा औषधांच्या पैशांतही समान वाटा मागणे अन्यायाचे आहे.

ओझे किती झाले आहे हे अंदाजावर सोडू नये. ‘झरिट’ नावाची बावीस प्रश्नांची मोजपट्टी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे ती भरता येते. ती हाती नसली तरी काही खुणा पुरेशा आहेत: स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकणे, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलत राहणे, रुग्णावर ओरडून मग रडू येणे, ‘हे कधी संपणार’ असा विचार येऊन स्वतःचीच भीती वाटणे. रुग्णावर हात उचलावासा वाटला, तर ती आहे ती व्यवस्था त्याच आठवड्यात बदलण्याची वेळ आहे. मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांविषयीच्या चौकशीसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत नातेवाइकांनाही जागा असते. तेथे ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत त्या बोलता येतात.

निर्णय महिन्याभराच्या चाचणीने घ्यावा आणि चाचणी संपण्याची तारीख आधीच ठरवावी, म्हणजे ‘तात्पुरती’ म्हणून सुरू झालेली व्यवस्था कोणी न ठरवताच पाच वर्षे चालत नाही. आणि ज्यांच्याविषयी हे सगळे चालले आहे त्यांना, समजते आहे तोवर, विचारावे: कोणाच्या हातून अंघोळ चालेल, परक्या बाईची लाज वाटते का, शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. ते केलेले असेल तर अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून हा निर्णय एकट्या मुलीला करावा लागत नाही.