निओव्हिमवर कित्येक महिने काम केल्यावर: अपडेट बिघडतं तेव्हा काय?

गेले कित्येक महिने माझं रोजचं काम निओव्हिम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या कोड एडिटरवर चाललंय. त्याआधी अनेक वर्षं मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर वापरला आणि तो अजूनही मशीनवर आहे. दोघांची तुलना करताना लोक वेग, थीम आणि शॉर्टकट यांवरच जास्त बोलतात. मी निओव्हिमवर टिकलो त्याचं कारण वेगळं आहे. अपडेटनंतर काही मोडलं, तर नेमकं काय मोडलं हे किती लवकर कळतं आणि आदल्या दिवशीच्या चालू स्थितीत किती खात्रीने परत जाता येतं, हे मी आता आधी बघतो. बाकीच्या बाबतींत दोघांतलं अंतर बरंच कमी झालंय.

ते कमी झालं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे, म्हणजे एलएसपीमुळे. बिल जॉय यांचा व्हीआय एडिटर 1976 चा, ब्राम मूलनार यांचा व्हिम 1991 चा, आणि 2014 मध्ये त्यातून निओव्हिम वेगळा झाला. पण तोपर्यंत प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र जुळणी लिहावी लागे. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला केला आणि भाषेची जाण एका वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे लँग्वेज सर्व्हरमध्ये गेली. एडिटर तिच्याशी फक्त निरोपांची देवाणघेवाण करतो. निओव्हिमने 2021 च्या 0.5 आवृत्तीत एलएसपी क्लायंट आतच दिला. त्यामुळे रस्ट भाषेत लिहिताना दोन्हीकडे रस्ट-अ‍ॅनालायझर हाच सर्व्हर चालतो, गो भाषेत लिहिताना गोपीएलएस. सूचना त्याच, एरर त्याच. पायथनमध्ये थोडा फरक पडतो, कारण पायलान्स या सर्व्हरचा परवाना फक्त मायक्रोसॉफ्टच्या एडिटरपुरता आहे. निओव्हिमवर पायराइट वापरावा लागतो. माझ्या कामाला तो पुरेसा आहे.

आता अपडेटचं. एका अपडेटनंतर टाइपस्क्रिप्टच्या एका मोठ्या रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) इम्पोर्टखाली सगळीकडे लाल रेघा आल्या. कोड कंपाइल होत होता, टेस्ट पास होत होत्या, म्हणजे दोष कोडमध्ये नव्हता. पहिलं काम केलं ते निओव्हिम ‘क्लीन’ पर्याय देऊन उघडायचं. त्यात आपली कॉन्फिग (सेटिंगच्या फाइल्स) आणि प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) काहीच लोड होत नाही. तसा तो नीट उघडला, म्हणून मूळ प्रोग्रामवरचा संशय बराच कमी झाला. मग नेहमीसारखा उघडून ‘चेकहेल्थ’ चालवलं. त्यातल्या एलएसपीच्या भागात कोणता सर्व्हर चालू आहे, तो कोणत्या बफरला, म्हणजे उघड्या फाइलला, जोडलाय आणि त्याने कोणता फोल्डर प्रोजेक्टचं मूळ मानलाय, हे सगळं लिहिलेलं असतं. उत्तर तिथेच होतं. आमच्या रेपोमध्ये अनेक पॅकेजेस आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःचं ‘पॅकेज.जेसन’ आहे. सर्व्हरने आतलं पॅकेज सोडून सगळ्यात बाहेरचा, गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं ‘.गिट’ असलेला फोल्डर मूळ धरला होता. तिथून त्याला आतल्या पॅकेजच्या डिपेन्डन्सी (त्याला लागणाऱ्या लायब्ररी) सापडत नव्हत्या, म्हणून लाल रेघा.

हे अचानक का झालं, ते लॉक फाइलने सांगितलं. लेझी नावाचा प्लगइन मॅनेजर प्रत्येक प्लगइनची शाखा आणि कमिट (गिटमध्ये नोंदवलेला नेमका टप्पा) एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे लॉक फाइलमध्ये, लिहून ठेवतो. ती फाइल मी कॉन्फिगसोबत गिटमध्ये ठेवतो. डिफ (जुन्या-नव्यातला फरक) काढला की या अपडेटमध्ये कोणते प्लगइन हलले ते समोर येतं. जुनी फाइल परत आणली, ‘रिस्टोअर’ दिलं आणि एडिटर आदल्या दिवशीच्या कमिटवर गेला. दिवसाचं काम अडलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. दुरुस्ती सवडीने करता येते, पण डिलिव्हरीच्या दिवशी एडिटर रुसून बसलेला परवडत नाही.

दुरुस्तीही त्याच दिवशी संध्याकाळी झाली. प्लगइनचा फोल्डर हाच एक गिट रेपो असतो, त्यामुळे ‘गिट बायसेक्ट’ थेट तिथे चालवता येतं. चालणारा एक कमिट आणि मोडलेला एक कमिट सांगितला की गिट मधला कमिट काढून देतं. तो तपासायचा, बरा की वाईट ते सांगायचं, पुन्हा अर्धं. हजार कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत दोषी कमिट हाती लागतो. मूळ फोल्डर ओळखण्याचा डीफॉल्ट क्रम त्या कमिटमध्ये बदललेला होता. निओव्हिम 0.11 पासून सर्व्हरची सेटिंग थेट आपल्या कॉन्फिगमध्ये लिहिता येते, तिथे ‘पॅकेज.जेसन’ आधी आणि ‘.गिट’ नंतर असा क्रम स्पष्ट लिहून टाकला. तेव्हापासून हा त्रास नाही. प्लगइनचं नाव मुद्दाम घेत नाही. ते सांभाळणारी माणसं विनामोबदला काम करतात, आणि चेंजलॉगमध्ये बदलाची नोंद होती.

व्हीएस कोडलाही याबाबतीत न्याय द्यायला हवा. त्यातलं एक्स्टेन्शन बायसेक्ट ही फार चांगली सोय आहे आणि वर्षानुवर्षं तो वापरणाऱ्या पुष्कळांना ती माहीतही नसते. कमांड पॅलेटमधून सुरू केलं की ते निम्मी एक्स्टेन्शन्स (तिथले प्लगइन) बंद करून विचारतं, अडचण आहे की गेली? तुम्ही उत्तर देत जायचं, शेवटी एक नाव उरतं. टर्मिनल उघडायचीही गरज नाही. एखाद्या एक्स्टेन्शनची जुनी आवृत्ती बसवता येते, आपोआप होणारं अपडेट बंदही करता येतं. उणीव आहे ती पुढे. प्रोजेक्टमधल्या शिफारशींच्या फाइलमध्ये फक्त एक्स्टेन्शनची नावं असतात, आवृत्ती नसते. ‘मंगळवारी सगळं जसं होतं तसं एका फाइलमधून परत आण’ असं तिथे म्हणता येत नाही. टीममध्ये दोघांच्या मशीनवर एकच कोड वेगवेगळा फॉरमॅट होऊ लागला, तर कारण बहुतेकदा इथेच असतं.

सर्व्हरवर दुरून काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. व्हीएस कोडच्या 1.86 आवृत्तीने, 2024 च्या सुरुवातीला, रिमोट मशीनवर ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची किमान 2.28 आवृत्ती लागेल असं ठरवलं. उबुंटू 18.04 वर 2.27 आहे आणि सेंटओएस 7 वर 2.17. अशा सर्व्हरशी जोडणीच होईना. पुढच्या दुरुस्ती आवृत्तीत काही काळाची सवलत मिळाली, पण सर्व्हर जुना आणि लॅपटॉपवरचा एडिटर आपोआप पुढे सरकणारा, ही जोडी नाजूकच राहते. निओव्हिमच्या तयार लिनक्स बायनरीलाही ग्लिबसीची किमान अट आहेच. फक्त जुन्या ग्लिबसीसाठी वेगळे बिल्ड मिळतात आणि सोर्समधून बांधणंही अवघड नाही.

जेटब्रेन्सचे आयडीई (सगळी साधनं आतच असलेले एडिटर) मी रोज वापरत नाही, पण जावाचा मोठा कोड असेल तर तेच घ्या असं मी सांगेन. त्यांचं इंडेक्सिंग स्वतःचं आहे, आणि शेकडो फाइल्समध्ये पसरलेलं रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना बदलणं) ते ज्या विश्वासाने करतात तसं मला एलएसपीवर अजून जमलेलं नाही. त्यांच्या टूलबॉक्स अ‍ॅपमधून आधीच्या आवृत्तीवर परतही जाता येतं.

अपडेट टाळत बसावं असं मात्र अजिबात म्हणणं नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत मागचं दार (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट) सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा शोध घेताना ते दिसलं. ताज्यात ताजं घेणारेच तेव्हा आधी त्याच्या कचाट्यात सापडले. उलट, जाहीर झालेल्या दोषावरचं पॅचिंग लांबवणं तितकंच घातक. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षा पॅच मी लगेच घेतो. एडिटरचे प्लगइन मात्र एकगठ्ठा, हातात मोठं काम नसलेल्या सकाळी, आणि घेतल्यावर लॉक फाइलचा वेगळा कमिट करून. एडिटरची नवी आवृत्ती आणि प्लगइन एकाच बैठकीत कधीच नाही. दोन्ही एकदम बदलले की बिघाड कोणामुळे झाला ते शोधायला दुप्पट वेळ जातो.

निओव्हिमच्या उणिवा खऱ्या आहेत. डीबगिंगची जुळणी होते, पण व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावून व्हेरिएबल बघणं जितकं सरळ आहे तितकं इथे नाही. ज्युपिटर नोटबुकसाठी मी सरळ व्हीएस कोड उघडतो. भाषांतराच्या फाइल्समध्ये देवनागरी मजकूर तपासायचा असेल तरीही तोच, कारण बऱ्याच टर्मिनलमध्ये अक्षरं ठरावीक चौकटींत बसवली जातात, जोडाक्षरं तुटतात आणि कर्सर भलतीकडे दिसतो. कॉन्फिग लुआ भाषेत लिहायची आणि स्वतःच सांभाळायची, हे सगळ्यांना आवडेल असंही नाही. टीममध्ये नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात हा एडिटर घे असं मी म्हणत नाही.

ज्यांना प्रयोग करून बघायचाय त्यांनी पहिला प्लगइन टाकण्याआधी कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये गिट सुरू करावं आणि लॉक फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) नाही ना ते पाहावं. काही तयार कॉन्फिगमध्ये ती तिथे टाकलेली असते.