बरणी उघडलीच नाही, तरी चवीला नऊ गुण

बचत गटातल्या, घरी चटण्या-पापड करून विकणाऱ्या, नुकताच कुठलातरी धंदा सुरू केलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या सोलापुरात 'जिल्हास्तरीय उद्योजक प्रशिक्षण व स्पर्धा' अशा गोंडस नावाखाली आम्हा बायकांना व्यवस्थित लुबाडलं गेलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रार अर्ज चालू आहे, आणि दुसरं म्हणजे त्या नावाचा तुम्हाला उपयोगही नाही. तुमच्या गावात ते लोक वेगळी पाटी लावून येतील. म्हणून पद्धत नीट वाचा.

माझा धंदा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. हाताखाली दोघीजणी आहेत. माल चार-पाच दुकानांत जातो, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत बरा खप होतो. बँकेचं कर्ज काढायची छाती होत नव्हती, पण पॅकिंगचं मशीन घ्यायचं डोक्यात होतं. नेमक्या अशाच बाईच्या मोबाईलवर ते पोस्टर येतं. 'स्थानिक उद्योजकांना मोफत प्रशिक्षण. स्पर्धेतील विजेत्यांना २ लाखांचे बीजभांडवल.' वर तिरंग्याची पट्टी, कोपऱ्यात 'एक जिल्हा एक उत्पादन', खाली दोन-तीन सरकारी वाटणारी चिन्हं.

आता कुणी म्हणेल, असल्या पोस्टरवर विश्वास बसतोच कसा? बसतो, कारण त्यातले बरेचसे शब्द खऱ्या योजनांतले असतात. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, तिच्यात बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळायची खरोखरच सोय आहे. वैयक्तिक उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' हेही त्याच योजनेतलं. आमच्या गटात या गोष्टींची चर्चा व्हायचीच. तेव्हा पोस्टर पाहिल्यावर 'हे काय नवीन' असं कुणाला वाटलं नाही, 'आलं वाटतं एकदाचं आपल्याकडे' असं वाटलं.

'मोफत' प्रशिक्षणाला ४९९ रुपये नोंदणी होती. 'गांभीर्य राहावं म्हणून घेतो, ताई,' असं फोनवरचा मुलगा म्हणाला. मुलगा म्हणजे अगदी आर्जवी, शब्दाशब्दाला ताई.

प्रशिक्षण चांगलं झालं, आणि हे मुद्दाम सांगतेय. हॉल सरकारी होता. भाड्याने कुणालाही मिळतो, पण दारावरची पाटी वाचूनच निम्मी शंका जाते. पॅकिंगवर बोलणारे सर जाणकार होते. लेबलवर निव्वळ वजन, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर कुठे आणि कसा छापायचा, तेलकट पदार्थाला साधी प्लास्टिकची पिशवी का चालत नाही, हे त्यांनी पाऊच हातात देऊन दाखवलं. ते मी आजही वापरते. चहा, पुरीभाजी, शेवटी सर्टिफिकेट आणि स्टेजवर फोटो. नंतर कळलं की त्या सरांनाही त्यांचं मानधन मिळालं नाही. म्हणजे तेही आमच्याच रांगेतले.

त्याच दिवशी दुपारी 'नोंदणी शिबिर' होतं. आधार, पॅन, लाईट बिल, रद्द केलेला चेक, दोन फोटो. लॅपटॉपवर एक पोरगी बसली होती, ती प्रत्येकीचं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट काढून देत होती, पंधराशे रुपयांत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, घरबसल्या. पण तोही मुद्दा लहान. मोठा मुद्दा ओटीपीचा. उद्यमला आधारचा ओटीपी लागतोच, त्यामुळे तो सांगताना कुणालाच वावगं वाटलं नाही. सर्टिफिकेट निघालं. मग ती म्हणाली, 'सर्व्हर गेला होता ताई, परत एक आला असेल तो सांगा.' परत एक आला होता. तो कशासाठी होता हे पुढे येईल.

पुढच्या आठवड्यात स्पर्धा. लांब टेबलं, त्यावर आमचा माल. कुणाची ज्वारीची बिस्किटं, कुणाच्या गोधड्या, एकीने चादरीच्या उरलेल्या कापडाच्या सुंदर पिशव्या केल्या होत्या. तीन परीक्षक, गळ्यात ओळखपत्रं. माझ्या टेबलाशी आले, 'वा, सोलापूरची शान' म्हणाले, फोटो काढला, पुढे गेले. चटणीच्या बरणीला मी प्लास्टिकची पट्टी लावून सील केलं होतं. संध्याकाळी सामान आवरताना गुणपत्रक हातात दिलं. सादरीकरण आठ, पॅकिंग सात, चव नऊ. बरणी पिशवीत ठेवताना पाहिलं तर सील जसंच्या तसं. म्हटलं, चला, वास बघूनच ओळखली असेल! घरी सांगितल्यावर सगळे हसले, आणि ते तिथेच राहिलं.

मग फोन आला. 'अभिनंदन ताई, आपण जिल्ह्यात प्रथम. निकाल अजून गोपनीय आहे, राज्यस्तरीय समारंभात जाहीर होणार, तोवर कुणाला बोलू नका, नाहीतर निवड रद्द होते.' या एका वाक्यावर सगळा धंदा उभा आहे. पन्नास-साठ बायकांना एकमेकींशी बोलूच द्यायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण त्यावर फक्त ॲडमिनला लिहिता येत होतं.

पुढे पैसे मागायची रीत बघा. आधी २,९५० रुपये, प्रकल्प अहवालाचं 'मूल्यमापन शुल्क', म्हणजे २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी. मग पुण्यातल्या राज्यस्तरीय प्रदर्शनाच्या स्टॉलसाठी ११,८००, तेही जीएसटी धरून. दोन लाख येणार असतील तर एवढं काही जास्त वाटत नाही, आणि जीएसटीमुळे ते पक्कं वाटतं. पैसे क्यूआर कोडवर, आणि नाव दिसायचं एका माणसाचं. विचारलं तर 'आमचे खजिनदार'. तिसऱ्यांदा फोन आला तो टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायच्या कराचा. बक्षिसावर दहा टक्के, म्हणजे २० हजार आधी भरा, की दोन लाख थेट खात्यात.

माझं रिटर्न भरणारे अकाउंटंट काका जुन्या वळणाचे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'अगं, टीडीएस देणारा कापतो, देताना. घेणाऱ्याकडून आगाऊ मागतात होय? त्यांना सांग, दोन लाखांतून काय कापायचं ते कापा आणि उरलेले पाठवा.' मी शब्दन् शब्द तसंच सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, 'मॅडम, सिस्टिममध्ये तशी सोय नाही.' ताईची मॅडम झाले ती तेव्हा.

त्याच सुमारास गिरणीत ज्वारी दळायला गेले होते. आमच्या बॅचमधल्या पापडवाल्या काकू भेटल्या. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, 'कुणाला बोलू नको गं, माझा पहिला नंबर आलाय.' मी म्हटलं, 'काकू, माझा पण.' दोघी पिठाच्या डब्यांशेजारी उभ्या राहून आधी हसलो. काकूंनी टीडीएसचे वीस हजार भरले होते, बांगडी गहाण टाकून. मग हसू थांबलं. त्या संध्याकाळी जेवढ्यांचे नंबर मिळाले तेवढ्यांना फोन लावले. बिस्किटवाली पहिली, गोधडीवाली पहिली, पिशव्यावालीसुद्धा पहिली.

पावत्या काढून बसलो तेव्हा खरी मेख दिसली. मेसेजमध्ये 'शुल्क' आणि 'जीएसटी', पण हातात दिलेल्या छापील पावतीवर बारीक अक्षरात 'ऐच्छिक देणगी'. अकाउंटंट काकांनी चष्मा वर करून पावती पाहिली. 'देणगीवर अठरा टक्के जीएसटी घेणारी संस्था मी पहिल्यांदाच बघतोय,' म्हणाले. पावतीवर जीएसटी नंबर नव्हताच. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या संस्थेचा पॅन, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाचा आहे ते लगेच दिसतं. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मात्र छापलेला होता. धर्मादाय कार्यालयात चौकशी केली तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका क्रीडा मंडळाचा निघाला.

'ऐच्छिक देणगी'ने काय होतं ते पोलीस ठाण्यात कळलं. हवालदार पावती वाचून म्हणाले, 'ताई, तुम्ही तर देणगी दिलीय, यात फसवणूक कुठली?' मेसेज, गुणपत्रक, क्यूआरवरच्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट, सगळं पुढे ठेवलं तेव्हा कुठे अर्ज घेतला. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, ही ज्ञानप्राप्तीही तिथलीच. आता अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे. म्हणून सांगते, व्हॉट्सॲप चॅट पुसू नका, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, आधी सगळं सेव्ह करा. आणि पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्यात जायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. काकूंचे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, खातं रिकामं झालं होतं.

आता त्या दुसऱ्या ओटीपीचं. आमच्यातली एक ताई ब्लाउज शिवते, एका खोलीत, एका मशीनवर. तिला जीएसटी खात्याची नोटीस आली. तसल्याच दुसऱ्या ओटीपीने तिच्या नावावर, तिच्या पॅनवर, तिच्याच लाईट बिलाच्या पत्त्यावर भंगार खरेदी-विक्रीची फर्म निघालेली, आणि त्या फर्मने लाखोंची बिलं फाडलेली. बाई बिचारी नोटीस घेऊन सगळ्यांकडे फिरत होती, कुणीतरी वाचून दाखवा म्हणून. दोन लाखांच्या आशेने आम्ही पंधरा-वीस हजार, काकूंनी तर त्याहून जास्त घालवले, ते एकवेळ सोडा. त्यांना खरी कमाई आमच्या कागदांत दिसत होती असं माझं मत झालंय. स्पर्धा, परीक्षक, पुरीभाजी हा सगळा खटाटोप आधार, पॅन, लाईट बिल आणि ओटीपी एका ठिकाणी, एका दुपारी गोळा करण्यासाठी.

तुम्ही अशा कुठल्या शिबिरात कागद दिले असतील तर जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. आपल्या पॅनवर कुठली नोंदणी आहे ते दिसतं. भलतीच फर्म दिसली तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जीएसटी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पोलीस तक्रारीची प्रत जोडून. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, तेही करा. आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, त्यात आपण न घेतलेलं कर्ज दिसतंय का बघा.

यातून सगळी प्रशिक्षणं खोटी असं कुणी म्हणू नका. आमच्याकडे आता तसंच व्हायला लागलंय, गटात कुणी 'ट्रेनिंग' म्हटलं की बायका उठून जातात, आणि हे नुकसान पैशांपेक्षा मोठं आहे. अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहे, तिथे शिकवणं, राहणं, जेवण सगळं फुकट. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून हेच काम करतंय. त्यांचे काही कोर्स फी घेऊन असतात, पण फी कशाची ते आधी सांगतात. पीएमएफएमईचा अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं मानधन योजनेतून निघतं, आपण द्यायचं नसतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनातला स्टॉल गटांना 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत मिळतो, कुणा खजिनदाराच्या क्यूआरवर नाही. आणि पोस्टरवर सरकारी चिन्ह असेल तर ते पोस्टर घेऊन सरळ जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आम्ही नंतर गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी पाहताक्षणीच 'हे आमचं नाही' सांगितलं, आणि तसं लेखीही दिलं. तो कागद आमच्या अर्जाला जोडलाय.

मागच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीने एक पोस्टर पाठवलं. नाव नवं, रंग नवे, बक्षीस तीन लाख. आत परीक्षकांचा फोटो आहे तो आमच्याच हॉलमधला, मागे पडदाही तोच. ते पोस्टर आम्ही शाखेला दिलंय. तुमच्याकडे असलं काही आलं तर स्क्रीनशॉट, फोन नंबर आणि क्यूआरवरचं नाव, तिन्ही जपून ठेवा आणि आधी आपल्या गटातल्या बायकांना विचारा, कोणाकोणाचा पहिला नंबर आलाय.