एसएसआरआय की एसएनआरआय: दोन्ही गटांची औषधे घेतल्यानंतर

नैराश्यावर डॉक्टर बहुधा आधी एसएसआरआय गटातले औषध लिहून देतात आणि त्याने पुरेसा गुण आला नाही, तर एसएनआरआयचा विचार करतात. मी आधी एसिटॅलोप्रॅम हे एसएसआरआय आणि पुढे व्हेनलाफॅक्सिन हे एसएनआरआय घेतले. मन सावरण्याच्या बाबतीत मला दोघांत डावे-उजवे करता येणार नाही. फरक जाणवला तो गोळी चुकल्यावर.

एसएसआरआयमुळे सेरोटोनिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन मज्जापेशींत परत शोषले जाण्यास अटकाव होतो, तर एसएनआरआय नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनालाही तसेच अडवते. कागदावर दुसरा गट वरचढ वाटतो खरा, पण व्हेनलाफॅक्सिन 75 मिलिग्रॅमच्या आसपास मुख्यतः सेरोटोनिनवरच काम करते आणि त्याचा नॉरएपिनेफ्रिनवरचा परिणाम मात्रा वाढवल्यावरच ठळक होतो. मात्रेबरोबर रक्तदाबही चढू शकतो, त्यामुळे तो अधूनमधून मोजून घेण्याची कटकट मागे लागते.

मळमळ आणि झोपेची तक्रार दोन्हीकडे आहे. ती पहिल्याच आठवड्यात हजर होते, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, आणि नेमक्या याच काळात अनेक जण औषध सोडून देतात. लैंगिक इच्छा मंदावण्याचा त्रास अधिक चिवट असतो. त्याबद्दल रुग्णही बोलत नाही आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात.

व्हेनलाफॅक्सिन शरीरातून झपाट्याने उतरते. सकाळची कॅप्सूल राहून गेली की रात्रीपर्यंत नजर बाजूला वळवताना डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होई आणि जिना उतरताना कठडा धरावा लागे. एसिटॅलोप्रॅमचा एखादा दिवस चुकला तरी मला असे काही झाले नाही. अर्थात हा निव्वळ गटाचा गुणधर्म नव्हे: एसएसआरआयमधलेच पॅरॉक्सेटिन सोडताना असाच छळ होऊ शकतो, तर फ्लुओक्सेटिनचा अंश कित्येक आठवडे शरीरात रेंगाळत असल्यामुळे ते सोडणे तुलनेने सुसह्य जाते.

नैराश्याच्या जोडीला मधुमेहामुळे होणारी नसांची वेदना असेल, तर एसएनआरआयमधले ड्युलॉक्सेटिन दोन्हींवर चालते आणि तिथे या गटाची बाजू निर्विवाद भक्कम आहे. तसे काही नसेल, तर मी एसएसआरआयलाच पहिली पसंती देईन आणि व्हेनलाफॅक्सिन सुरू करण्याआधीच ते पुढे कसे कमी करत न्यायचे, हे डॉक्टरांना विचारून ठेवेन.