'नो युवर स्कूल' : शाळेच्या पैशांचा अर्धाच हिशेब

महापालिकेच्या शाळेत मूल शिकत असलेल्या पालकाला शाळेला सरकारकडून किती पैसे येतात हे घरबसल्या पाहायचे असेल, तर त्याच्यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या युडायस प्लस प्रणालीतील 'नो युवर स्कूल' हे संकेतस्थळ. शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक (पुणे जिल्ह्यात तो २७२५ने सुरू होतो) किंवा शाळेचे नाव दिले की वर्षनिहाय माहितीपत्रक उघडते. पटसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय ही माहिती नीट मांडलेली आहे आणि शेजारच्या शाळेशी ती ताडूनही पाहता येते.

खरी उत्सुकता असते ती अनुदानाच्या रकान्याची. तिथे मिळालेली आणि खर्च झालेली रक्कम दिसते. ती याच आकड्याची का, हे मात्र तिथे कळत नाही. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटाच्या टप्प्यांवर ठरते : ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १००पर्यंत २५,०००, २५०पर्यंत ५०,०००, १,०००पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. वीजबिल, पाणी, इंटरनेट, खेळाचे साहित्य, किरकोळ दुरुस्ती हे सारे यातूनच भागवायचे असते, आणि किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी असते. लहान शाळेलाही दिवा-पाणी लागतेच, म्हणून दरडोई थोडे झुकते माप तिला मिळणे मला रास्त वाटते. पण २५१ मुलांच्या शाळेत माणशी सुमारे २९९ रुपये आणि ९५० मुलांच्या शाळेत सुमारे ७९, हे अंतर झुकत्या मापात बसत नाही.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. शहरात महापालिकेच्या अनेक इमारतींत सकाळी एक आणि दुपारी दुसरी शाळा भरते. दोघींचे युडायस क्रमांक स्वतंत्र असले, तर २४० पटाच्या दोन शाळांना मिळून १ लाख रुपये मिळतात; तीच ४८० मुले एका क्रमांकाखाली असती तर ७५,००० मिळाले असते. इमारत तीच, नळ तेच, शौचालयेही तीच; आणि दोन पत्रके शेजारी ठेवली तर सुविधा दुप्पट असल्याचा भास होतो.

सगळ्यात मोठी उणीव वेतनाची आहे. शाळेवरील खर्चाचा सिंहाचा वाटा शिक्षकांच्या पगाराचा असतो आणि तो या पत्रकात नसतो. नियमित शिक्षक किती आणि कंत्राटी किती, एवढे दिसते. त्यावरून जाणकाराला अंदाज बांधता येतो, कारण मानधनावर चालणाऱ्या शाळेवरचा दरडोई खर्च बराच कमी पडतो. महापालिका स्वतःच्या अंदाजपत्रकातून जे देते, तेही शाळानिहाय इथे सापडत नाही. ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला १८८२मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांची तक्रार नेमकी हीच होती, की रयतेच्या श्रमातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. कोणाच्या मुलावर किती खर्च झाला, हे आज तरी एका रकान्यात दिसायला हरकत नव्हती.

तरीही हे साधन मी वापरतो, आणि इतर पालकांनीही वापरावे असे सुचवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे त्यांचे कामच आहे. माझ्या माहितीतल्या एका शाळेत समितीच्या बैठकीत वर्षाचा हिशेब 'साहित्य व किरकोळ' अशा एका ओळीत उरकला जात असे. एका पालकाने पत्रकाची छापील प्रत पुढे ठेवली, तेव्हा कपाटातली पावत्यांची फाइल टेबलावर आली.

माहितीच्या सुलभतेसाठी पाचपैकी चार गुण, आणि वाटप न्याय्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी जेमतेम दोन. पत्रक पाहताना अनुदानाच्या रकमेला पटाने स्वतः भागावे; तो भागाकार संकेतस्थळ करून देत नाही.