पुणे-मुंबई: रोजची ये-जा की आठवड्याचा मुक्काम?

नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड पुण्यात असलेल्यांपैकी काही जण १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने रोज १९२ किलोमीटर जाऊन तितकेच परत येतात, तर काही जण सोमवार ते शुक्रवार मुंबईतच खोली घेऊन राहतात. रोजच्या प्रवासात मासिक पास खोलीच्या भाड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो आणि रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर होते. मात्र दिवसाचे सहा तास गाडीतच जात असल्याने पहिली कात्री झोपेला आणि व्यायामाला लागते. मुक्कामात संध्याकाळ मोकळी मिळते, पण मुलांचा अभ्यास आणि आईवडिलांची औषधे हे सारे एकट्या जोडीदाराच्या अंगावर पडते (हा खर्च कोणी वहीत लिहीत नाही). घरात तान्हे मूल असेल, तर मला रोजची गाडीच बरी वाटते. पाठदुखी जडलेल्याने मात्र खोली घ्यावी.